इस्तंबूलमध्ये चार दिवस: जुने घुमट आणि नवी वास्तुकला कोणत्या क्रमाने पाहावी?

गोदाकाठ (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझे वडील इस्तंबूलला जात आहोत. येण्याजाण्याचे दिवस वगळता तिथे पाहण्यासाठी आमच्या हातात पूर्ण चार दिवस आहेत. वडील सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. आता वय 74 आहे, प्रकृती उत्तम आहे, फक्त पायऱ्या उतरताना गुडघे कुरकुरतात. देऊळ असो, मशीद असो वा चर्च, ते आत गेल्यावर हात जोडतात आणि लगेच मान वर करून छत कशावर उभे आहे ते पाहू लागतात. काही वर्षांपूर्वी विजापूरला गोलघुमटाच्या वरच्या सज्जात आम्ही सगळे टाळ्या वाजवून प्रतिध्वनी मोजत होतो. वडील मात्र खालीच थांबले होते आणि चौकोनी दालनावर गोल घुमट कोणत्या युक्तीने बसवला आहे, ते रुमालाच्या घड्या घालून स्वतःशीच समजून घेत होते. आजही आमच्या गल्लीत कुणाकडे भिंतीचे काम निघाले की त्यांचा पितळी ओळंबा, म्हणजे भिंत सरळ उभी आहे का ते पाहायचा दोरीला बांधलेला गोळा, पिशवीतून बाहेर येतो आणि गवंड्याच्या कपाळाला आठी पडते.

एका प्रवासी कंपनीने आम्हांला दिलेला कार्यक्रम नेहमीचाच होता: हागिया सोफिया, निळी मशीद, तोपकापी राजवाडा, बाजार आणि बॉस्फरसवरची बोटीची फेरी. त्यात प्रत्येक ठिकाणी पाऊण तास दिला होता. वडिलांनी तो कागद वाचून घडी घातला आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिला, म्हणजे तो विषय संपला. आता आम्ही आमचे आम्हीच ठरवणार आहोत.

माझ्या शंका अशा. हागिया सोफियात परदेशी पाहुण्यांना आता तळमजल्यावर प्रवेश नसून 25 युरोचे तिकीट काढून फक्त वरच्या सज्जातून पाहता येते, असे वाचले. माणशी साधारण अडीच हजार रुपये देऊन वरून पाहण्यात अर्थ आहे का? या शहरात घुमटांच्या मशिदी इतक्या आहेत की दोन दिवसांनी सगळ्या सारख्याच वाटू लागतील, अशी मला भीती वाटते. त्यांतल्या कोणत्या निवडाव्यात? आणि मला स्वतःला आजच्या काळातील वास्तुकलेची आवड आहे. गेल्या वीस वर्षांत तिथे बांधलेल्या मशिदी किंवा इतर इमारतींपैकी, इतक्या लांब गेल्यावर आवर्जून पाहाव्यात अशा कोणत्या आहेत?

कमानदार (प्रतिसाद)

गोदाकाठ, रुमालाच्या घड्यांचा प्रसंग वाचून उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे आणि विद्यार्थी असताना सहा महिने इस्तंबूलमध्ये राहिलो आहे. तिथल्या मशिदी सारख्या वाटतात हे खरे आहे, पण एकच प्रश्न बरोबर घेऊन फिरलात तर त्या सारख्या वाटणार नाहीत. तो प्रश्न म्हणजे, घुमटाचा रेटा कुठे गेला? घुमट स्वतःच्या वजनाने खाली बसू पाहतो आणि बसताना त्याचा पायथा बाहेरच्या बाजूला फाकू पाहतो. हा बाहेरचा रेटा कुणीतरी थोपवावा लागतो, आणि तो कुणी व कसा थोपवला यावरूनच इमारतीचा बाकीचा आकार ठरतो. आपल्या वडिलांना हे सांगण्याची गरज नाही; आपल्यासाठी लिहितो आहे.

सुरुवात हागिया सोफियापासूनच करा, आणि तिकीट जरूर काढा. आज मशीद असलेली ही इमारत मुळात चर्च होती. 532 च्या दंगलीत जुने चर्च जळाल्यावर सम्राट जस्टिनियनने अँथेमियस आणि इसिडोर या दोघांवर नव्या चर्चचे काम सोपवले. हे दोघे भूमिती आणि यंत्रशास्त्राचे जाणकार होते, आणि पाच-सहा वर्षांत, म्हणजे 537 मध्ये, त्यांनी सुमारे 31 मीटर व्यासाचा घुमट उभा करून दाखवला. चार प्रचंड खांबांवर चार कमानी, कमानींच्या मधल्या चार कोपऱ्यांत वक्र त्रिकोण, आणि त्या त्रिकोणांच्या वरच्या कडा जुळून झालेल्या वर्तुळावर घुमट, अशी ती रचना आहे. पूर्वेला आणि पश्चिमेला मोठे अर्धघुमट असल्यामुळे त्या दोन दिशांचा रेटा पायरीपायरीने खाली उतरतो. उत्तर-दक्षिण दिशांना मात्र अर्धघुमट नाहीत. त्या बाजूंना कमानींखाली खिडक्यांची भिंत आहे आणि सगळा भार खांबांच्या मागच्या पुस्त्यांवर, म्हणजे टेकू देणाऱ्या जाड बांधकामावर आहे. इमारतीचे दुखणे नेमके तिथे आहे.

त्यात घाई झाली. भिंतींच्या आणि कमानींच्या चुन्यात विटांचा चुरा घातलेला आहे, म्हणजे आपल्याकडे ज्याला सुर्खी म्हणतात तोच प्रकार, आणि विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांध्यातले चुन्याचे थर, जवळजवळ विटांइतक्याच जाड आहेत. असा चुना सावकाश घट्ट होतो. तो पुरता धरण्याआधीच वरचे वजन चढत गेले आणि खांब बाहेरच्या बाजूला झुकले. 553 आणि 557 च्या भूकंपांनंतर 558 मध्ये घुमट कोसळला. थोरल्या इसिडोरच्या पुतण्याने तो पुन्हा बांधताना सुमारे 6 मीटरने उंच केला, कारण चपट्या घुमटापेक्षा उंच घुमट बाहेरच्या बाजूला कमी रेटतो. तो 562 मध्ये पूर्ण झाला. पुढे दहाव्या आणि चौदाव्या शतकांत त्याचे काही भाग पुन्हा पडले आणि पुन्हा बांधले गेले, त्यामुळे आज तो काटेकोर गोलही राहिलेला नाही. घुमटाच्या पायथ्याशी 40 खिडक्यांची माळ आहे. खालून पाहणाऱ्याला घुमट अधांतरी तरंगत असल्याचा भास तिच्यामुळे होतो, पण तिचा दुसराही एक उपयोग आहे. या पट्ट्यात घुमट ताणला जातो आणि उभ्या भेगा पडण्याचा संभव असतो, तेव्हा भेग पडेल तिथे आधीच फट सोडलेली बरी.

आता तिकिटाविषयी. तळमजला नमाजासाठी राखून ठेवला आहे म्हणून अनेकांना फसवणूक झाल्यासारखे वाटते, परंतु झुकलेले बांधकाम सज्जातच सर्वांत जवळून दिसते. तिथल्या खांबांच्या शेजारी उभे राहून समोरच्या उभ्या कडेशी नजर लावली की ते बाहेर कलले आहेत हे उघड्या डोळ्यांना कळते. दक्षिणेकडच्या सज्जात येशू, मेरी आणि संत योहान यांचे भग्न पण अप्रतिम मोझेक आहे, आणि जवळच संगमरवरी कठड्यावर कुणा उत्तरेकडच्या सैनिकाने आपल्या लिपीत कोरलेले नाव आहे. आपल्याकडच्या गडांवर जे चालते ते हजार वर्षांपूर्वी तिथेही चालत होते.

दुसरे ठिकाण सुलेमानिये. स्थपती सिनान याने ती 1550 ते 1557 या काळात बांधली. आराखडा हागिया सोफियासारखाच, दोन बाजूंना अर्धघुमट आणि दोन बाजूंना सपाट भिंती. घुमटाचा व्यास साडेसव्वीस मीटर आणि उंची 53 मीटर. जुन्या इमारतीचे दुखणे जिथे होते तिथेच सिनानने काय केले ते पाहा. बाजूच्या भिंतींना जे जाड पुस्ते द्यावे लागले, ते त्याने अर्धे आत आणि अर्धे बाहेर विभागले, त्यांच्यामध्ये दुमजली सज्जे बांधले आणि वजूसाठी नळ बसवले. लोक तिथे हातपाय धुतात, सावलीत बसतात. आपण पुस्त्याला टेकून बसलो आहोत, हे कुणाच्या ध्यानीही येत नाही. वडिलांना तिथे निवांत बसू द्या. या मशिदीच्या बांधकामाच्या हिशेबवह्या आजही शिल्लक आहेत आणि त्यांत मुस्लिम व ख्रिस्ती कारागिरांची हजेरी आणि मजुरी नोंदवलेली आहे. ज्यांनी आयुष्यभर हजेरीपट तपासले त्यांना ही गोष्ट घुमटाइतकीच जवळची वाटेल.

तिसरी, शहराच्या जुन्या तटाजवळची मिहरिमाह सुलतान मशीद. हीदेखील सिनानचीच, पण इथे अर्धघुमट मुळीच नाहीत. चार कमानींवर एकच घुमट आहे, कमानींखालच्या भिंती जवळजवळ पूर्णपणे खिडक्यांच्या आहेत, आणि आत गेल्यावर उजेडाने डोळे दिपतात. तिथे गर्दी नसते. माझ्या मते ही सिनानची सर्वांत धीट इमारत आहे. भूकंपांनी तिला या धिटाईची किंमतही मोजायला लावली आहे.

निळी मशीद बाहेरून सुंदर दिसते, आतल्या टाइलाही सुरेख आहेत, पण अर्धा तास पुरे. तिचा घुमट सुलेमानियेपेक्षा लहान आहे आणि तो पेलण्यासाठी सुमारे पाच-पाच मीटर व्यासाचे चार खांब घातले आहेत. लोक त्यांना हत्तीचे पाय म्हणतात. सुलेमानियेनंतर अर्ध्या शतकाने ते बांधावे लागावेत, याचे मला नेहमी आश्चर्य वाटत आले आहे.

गोलघुमटाचे सांगायचे राहिले. 1656 च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्या घुमटाचा आतला व्यास सुमारे 38 मीटर आहे, म्हणजे हागिया सोफियाहून बराच मोठा, आणि तिथे अर्धघुमटही नाहीत. एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींमुळे घुमटाखाली आतल्या बाजूला झुकलेले जे अवजड बांधकाम तयार होते, त्याचे वजन घुमटाच्या बाहेरच्या रेट्याला उलट ओढते. रुमालाच्या घड्यांतून वडिलांना बहुधा हेच सापडले असेल.

नव्या वास्तुकलेविषयी थोडक्यात सांगतो. 2019 मध्ये उघडलेली चामलिजा मशीद 63,000 माणसे मावतील इतकी मोठी आहे, तिचा घुमट 34 मीटर व्यासाचा आहे आणि इस्तंबूलच्या वाहनांचा क्रमांक 34 आहे म्हणून तो आकडा निवडला गेला. आरसीसीच्या जमान्यात रेट्याचा प्रश्न उरलेला नसताना सोळाव्या शतकाचा पोशाख चढवलेली ही इमारत मला रुचली नाही. तिच्याऐवजी उस्कुदारची शाकिरीन मशीद पाहा. सांजाकलार मशिदीचे नाव आपल्या वाचनात येईल, पण ती शहरापासून फार दूर आहे. चार दिवसांत ती सोडून द्यावी.

पायपीट (प्रतिसाद)

मी गेल्या ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन गेले होते. तिचे वय आणि गुडघे आपल्या वडिलांसारखेच असल्यामुळे व्यवहाराच्या चार गोष्टी सांगते.

हागिया सोफियात 2025 पासून घुमटाच्या दुरुस्तीचे काम सुरू आहे आणि आत लोखंडी परांची उभी आहे. घुमटाचा बराच भाग तिच्याआड जातो, हे आधीच मनाला सांगून ठेवा. आईचा हिरमोड झाला होता, पण आपल्या वडिलांचा होईलच असे वाटत नाही. 31 मीटरच्या घुमटाखाली तळमजल्यावरची नमाज न थांबवता परांची कशी उभारली, हे पाहण्यातच त्यांचा तास जाईल. सज्जात जाण्याची जुनी वाट पायऱ्यांची नसून दगडी उताराची आहे. दगड गुळगुळीत आणि वरखाली आहेत, त्यामुळे बुटांचा तळ चांगला असू द्या आणि उतरताना भिंतीचा आधार घ्या.

शुक्रवारी दुपारी कोणतीही मोठी मशीद पाहण्याचा बेत ठेवू नका. इतर दिवशीही नमाजाच्या वेळी पाहुण्यांना थांबवतात आणि त्या वेळा सूर्याप्रमाणे रोज थोड्या सरकतात. स्वतःची ओढणी बरोबर ठेवा. पायमोजेही दोन जोड जास्त ठेवा, कारण दिवसातून चार-पाच वेळा बूट काढावे लागतात आणि वजूच्या नळांजवळची फरशी ओली असते.

सुलेमानिये टेकडीवर आहे. नकाशात ती बाजारापासून हाकेच्या अंतरावर दिसते, पण चढ दमवणारा आहे. वर जाताना टॅक्सी करा आणि परतताना सावकाश उतरा. आवाराला लागूनच सिनानची स्वतःची कबर आहे, मशिदीच्या मानाने अगदी लहान, रस्त्याच्या कोपऱ्यावर. आम्ही एकदा पुढे निघून गेलो आणि मग मागे आलो. पूर्वी मशिदीत तेलाचे असंख्य दिवे जळत आणि त्यांची काजळी हवेच्या झोताने दरवाजावरच्या एका खोलीत ओढली जाऊन तिथे तिची शाई केली जात असे, असे सांगतात. हे ऐकल्यावर आईने मान वर करून त्या जागी पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे स्वयंपाकघराचं धुराडं." मला तरी याहून चांगले स्पष्टीकरण देता येणार नाही.

मिहरिमाहच्या भेटीला कारिये जोडा. दोन्ही चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कारिये हे मुळात लहानसे चर्च. त्यातील चौदाव्या शतकातील मोझेक आणि भित्तिचित्रे आपण पुस्तकांत पाहिली असतील. मे 2024 पासून तिथे पुन्हा नमाज होते, परंतु तिकीट काढून चित्रे पाहता येतात.

उस्कुदारला शाकिरीनसाठी जाणार असाल तर जाताना सिरकेजीहून मार्मराय रेल्वेने जा आणि येताना बोटीने या. ही रेल्वे बॉस्फरसच्या तळाखालून जाते. पाण्याखालच्या सुमारे 1.4 किलोमीटरच्या टप्प्यात काँक्रीटच्या 11 तयार नळ्या समुद्राच्या तळाशी खोदलेल्या चरात बुडवून एकमेकींना जोडल्या आहेत. 2013 मध्ये ती सुरू झाली. खोदकाम चालू असताना येनीकापीला एक बायझंटाइन, म्हणजे तुर्कांच्या आधीच्या ख्रिस्ती साम्राज्याच्या काळातले बंदर आणि 37 जुनी जहाजे सापडल्यामुळे काम बरीच वर्षे लांबले होते. सिरकेजी स्थानक खूप खोल आहे, पण सरकते जिने आहेत.

साधा काँक्रीट (प्रतिसाद)

कमानदार यांच्या लिहिण्यातील बहुतेक सर्व मान्य आहे, पण सांजाकलार मशीद सोडून द्या हे मान्य नाही. रेटा कुठे गेला हाच प्रश्न घेऊन फिरायचे असेल, तर ज्या इमारतीने घुमटच टाकून दिला ती पाहिल्याशिवाय फेरी पूर्ण कशी होणार?

ही मशीद शहराच्या पश्चिमेला ब्युयुकचेक्मेजे भागात आहे आणि एम्रे आरोलात यांच्या कार्यालयाने तिची रचना केली आहे. 2013 च्या जागतिक वास्तुकला महोत्सवात धार्मिक इमारतींच्या गटात तिला पहिले स्थान मिळाले. रस्त्यावरून ती जवळजवळ दिसतच नाही. एक उंच चौकोनी दगडी मनोरा, एक लांबलचक आडवे छत आणि गवत, एवढेच दिसते. उतारावरच्या दगडी पायऱ्यांवरून आपण खाली उतरत जातो, वाऱ्याचा आणि रस्त्याचा आवाज मागे पडतो, आणि मग जमिनीच्या पोटातल्या दालनाचे दार येते. रचनाकारांच्या मनात हिराची गुहा होती, जिथे प्रेषितांना पहिले वचन ऐकू आले अशी श्रद्धा आहे. आत रंग नाही, टाइल नाही, झुंबर नाही. काँक्रीटचे छत पायऱ्यांसारखे थराथरांनी वर सरकते, आणि मक्केच्या दिशेची भिंत छताला टेकतच नाही. दोहोंमध्ये एक चिंचोळी फट आहे आणि तिच्यातून येणारा दिवसाचा उजेड खडबडीत भिंतीवरून खाली घरंगळतो. मी तिथे दुपारी गेलो होतो. एक आजोबा भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि अर्ध्या तासात तो उजेड त्यांच्या खांद्यावरून गुडघ्यावर आला. घड्याळाची गरज वाटली नाही.

आपल्या वडिलांना काँक्रीट कसे ओतले आहे तेही पाहता येईल. गिलावा नसल्यामुळे लपवायला जागा नाही. सेंट्रिंग चुकले असते तर ते कायमचे दिसत राहिले असते.

अडचण एकच, आणि ती खरी आहे. तिथे जाण्याचा मार्गच पायऱ्या उतरण्याचा आहे, आणि आपण लिहिले आहे की वडिलांना उतरतानाच त्रास होतो. तेव्हा निर्णय आपला. टॅक्सीने जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो.

शिवाय गावातल्या गावात एक सोपी फेरी सुचवतो, ती सपाट रस्त्याची आहे. काराकोयच्या किनाऱ्याला ट्रामने उतरा. तिथे सिनानची 1580 च्या सुमाराची किलिच अली पाशा मशीद आहे, हागिया सोफियाची जणू लहान प्रतिकृती. सिनान तेव्हा नव्वदीच्या घरात होता, आणि त्याने उतारवयात पुन्हा त्या जुन्या आराखड्याकडे का वळावे, यावर आपण दोघे वाद घालू शकाल. तिथून थोडे चालले की रेन्झो पियानो यांनी रचलेले इस्तंबूल मॉडर्न हे कलासंग्रहालय आहे, 2023 मध्ये उघडलेले. त्याच्या गच्चीवर पाण्याचा पातळ थर खेळवला आहे आणि कठड्याजवळ उभे राहिले की तो थर संपून बॉस्फरस कुठे सुरू होतो ते कळत नाही. मग वर तकसीम चौकात जा. तिथले अतातुर्क सांस्कृतिक केंद्र मूळ 1969 चे. हायाती तबानलिओलू यांची ती इमारत पुढच्याच वर्षी आगीत सापडली, 1978 मध्ये पुन्हा उघडली, 2008 मध्ये बंद झाली आणि 2018 मध्ये पाडली गेली. तिच्या जागी त्यांच्याच मुलाने, मुरात यांनी, नवी इमारत बांधली आणि ती 2021 मध्ये खुली झाली. दर्शनी जाळी जुन्या इमारतीची आठवण ठेवणारी आहे आणि काचेआड एक भला मोठा लाल गोल दिसतो. त्याच्या आत ऑपेराचे सभागृह आहे. चौकाच्या दुसऱ्या बाजूला 2021 मध्येच उघडलेली नवी मशीद आहे, घुमटाची. चौकाच्या मध्यावर उभे राहून मान डावीउजवीकडे फिरवली की या शहरात कोणता वाद चालू आहे तो दिसतो.

गोदीकर (प्रतिसाद)

एक ठिकाण कुणीच सुचवलेले नाही. सुवर्णशृंग खाडीच्या काठावर, बालात भागात, सेंट स्टीफन हे बल्गेरियन चर्च आहे आणि ते संपूर्ण लोखंडाचे आहे. काठावरची जमीन भुसभुशीत असल्यामुळे दगडी इमारतीचे वजन तिला पेलवले नसते, म्हणून हलके चर्च तयार सुट्या भागांत बांधण्याचे ठरले. होवसेप अझनावूर यांनी आराखडा केला, व्हिएन्नातील वाग्नर कारखान्यात भाग तयार झाले, डॅन्यूब नदीतून आणि काळ्या समुद्रातून ते इस्तंबूलला आले, आणि 1898 मध्ये चर्च उघडले. दुरुस्तीनंतर ते 2018 मध्ये पुन्हा खुले झाले.

दुरून ते कोरीव दगडाचेच वाटते. जवळ जाऊन खांबावर बोटाने टिचकी मारली की गोदामाच्या पत्र्यासारखा आवाज येतो, आणि नक्षीच्या पानांमधून बोल्टांची डोकी वर आलेली दिसतात. मी अर्धे आयुष्य मुंबईच्या गोदीत काढले असल्यामुळे मला तिथे एकदम घरच्यासारखे वाटले. वडिलांना काळा घोड्याजवळचे एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुने वॉटसन हॉटेल, ठाऊक असेल. त्याचा बिडाचा सांगाडा असाच इंग्लंडमध्ये तयार होऊन 1860 च्या दशकात जहाजाने आला होता. त्याची आजची अवस्था पाहिल्यावर हे चर्च पाहाच, असे मी म्हणेन. जमीन सपाट आहे, पायऱ्या जेमतेम आहेत आणि समोर खाडीकाठी बसायला बाक आहेत.

गोदाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे प्रतिसाद वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. सुर्खीचा उल्लेख आला तेव्हा त्यांनी मला थांबवले आणि सुर्खीचा चुना उन्हाळ्यात किती दिवस ओला ठेवावा लागतो, यावर वीस मिनिटे बोलले. "पाच वर्षांत? मग झुकणारच," हा त्यांचा जस्टिनियनच्या कामावरचा शेरा आहे.

बेत असा ठरला आहे. पहिल्या दिवशी सकाळी हागिया सोफिया, मग अर्धा तास निळी मशीद, आणि बाकी विश्रांती. दुसरा दिवस पूर्ण सुलेमानियेचा. जमल्यास परतताना बाजार. तिसऱ्या दिवशी मिहरिमाह, कारिये आणि खाडीकाठचे लोखंडी चर्च. चौथ्या दिवशी सकाळी मार्मरायने उस्कुदार आणि शाकिरीन, दुपारी काराकोय आणि तकसीम. सांजाकलारवर घरात अजून एकमत नाही. मी फोटो दाखवले तेव्हा वडिलांनी पायऱ्या मोजल्या आणि म्हणाले, उतरायला त्रास होतो, चढायला नाही; तेव्हा उतरताना तू हात धर. म्हणजे राजवाडा आणि बोटीची फेरी गेली, असे समजायला हरकत नाही.

दोन शंका उरल्या. शाकिरीनमध्ये नेमके काय पाहायचे, हे कमानदार यांनी लिहिले नाही. आणि वडिलांनी ओळंबा बॅगेत भरला आहे. सज्जातल्या खांबांना तो लावून पाहायचा म्हणतात. मी काय करू?

कमानदार

सांजाकलारबाबत माझी हरकत अंतराची आणि गुडघ्यांची होती. वडील तयार असतील तर मी ती मागे घेतो. साधा काँक्रीट यांनी फटीतल्या उजेडाचे केलेले वर्णन अचूक आहे.

शाकिरीन 2009 ची आहे, काराजाअहमेत या मोठ्या कबरस्तानाच्या कडेला. तिची अंतर्गत रचना झेयनेप फादिल्लिओलू यांची आहे. तुर्कस्तानात मशिदीच्या अंतर्भागाची रचना करणाऱ्या त्या पहिल्या महिला मानल्या जातात. तिथे घुमट भिंतींवर बसवलेला नाही. त्याचे कवच कमानींच्या आकारात खाली येत थेट जमिनीला टेकते, आणि कमानींखाली भिंतींऐवजी काच आहे. रेटा थेट जमिनीत जातो, म्हणून मधले पुस्ते, अर्धघुमट, हत्तीचे पाय, सगळेच गळून पडले. काचेतून बाहेरची झाडे आणि थडगी दिसतात. मधोमध काचेच्या थेंबांचे झुंबर आहे, आणि ते महिलांच्या वरच्या सज्जातून सर्वांत चांगले दिसते. तेव्हा तिथे वर आपण जाल आणि वडील खाली थांबतील. गोलघुमटाची पुनरावृत्ती होईल.

ओळंब्याविषयी: तो विमानात हातातल्या पिशवीत ठेवू नका, मोठ्या सामानात द्या. पितळेचा टोकदार गोळा पाहून तपासणीत खोळंबा होईल. सज्जात तो बाहेर काढल्यास पहारेकरी पहिल्या मिनिटाला येईल, हे मात्र नक्की. त्यापेक्षा वडिलांच्या चष्म्याला दोरी असेल तर ती काढून तिच्या टोकाला खोलीची किल्ली बांधा, हात लांब करून डोळ्यासमोर धरा, आणि दोरीच्या कडेने पलीकडच्या खांबाची कड पाहा. मी विद्यार्थी असताना असेच केले होते. खांबापासून आठ-दहा पावले मागे उभे राहावे लागते, आणि किल्ली झुलायची थांबेपर्यंत श्वास रोखून धरावा लागतो.